हॉल्वरसन सरांच्या हातावरची चमकी

लेनाने जंतू घरूनच आणले होते. निळ्या चमकीची एक डबी आणि हाताला चोळायचं लोशन. मिनेसोटातल्या त्या लहानशा शाळेत बालवर्गाची शिक्षिका म्हणून तिचं हे पहिलंच वर्ष, आणि पुढच्या सप्टेंबरात नवं शालेय वर्ष सुरू होताना वर्ग तिच्याकडे ठेवायचा की नाही, हे मुख्याध्यापक हॉल्वरसन आजचा पाठ बघून ठरवणार होते.

"ही चमकी म्हणजे जंतू," तिने सांगितलं, कोडीच्या तळव्यांना लोशन लावलं आणि सढळ हाताने डबी उपडी केली. "आता कोडी सगळ्यांशी हात मिळवेल. बघू या, जंतू कुठे कुठे जातात."

जंतू सगळीकडे गेले. पोरांचे हात, नाकं, टेबलं, सगळं निळं झालं. लेना मनातून खूश होती, आणि नेमके तेव्हाच सर दारात उभे राहिले.

दारात येईल त्याच्याशी सगळ्यांनी हात मिळवायचा, ही सवय तिनेच वर्गाला लावली होती. पोरांनी लगेच रांग धरली. ती "अरे, आज नको" म्हणेपर्यंत सरांचा हात मनगटापर्यंत चमकायला लागला. सर भला माणूस. हसून मागच्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसले. पण सकाळपासून ढोसलेल्या कॉफीने त्यांना फार वेळ बसू दिलं नाही.

ते बाथरूमला जाऊन येईपर्यंत पोरांचे हात साबणाने लख्ख झाले होते. सर खुर्चीकडे निघाले, तशी पाच वर्षांची ब्रिटा वाटेत आडवी आली.

"सर, तुम्ही बाथरूमला गेला होतात ना?"

"हो बाळ."

"मग हात का नाही धुतले?"

"धुतले की."

ब्रिटाने त्यांचा हात उलटा करून पाहिला. "मग जंतू कसे राहिले?"

चमकी कधीकधी साबणानेही जात नाही, एवढं खोटं बोललं की सरांची अब्रू वाचत होती आणि बहुधा लेनाची नोकरीही. पण आत्ताच शिकवलेलं आत्ताच कसं पुसायचं?

"तिकडचा साबण संपला असेल," ती कशीबशी म्हणाली.

"नाही मिस, भरपूर आहे," कोडी म्हणाला. "मी सकाळी चाखून बघितला."

सरांचे कान लाल झाले. "नुसतं पाणी लावलं," ते पुटपुटले. "घाईत होतो." आणि मुकाट्याने वर्गातल्या बुटक्या बेसिनसमोर वाकले. सगळी पोरं भोवती जमली.

"धुताना गाणं म्हणायचं," ब्रिटाने बजावलं. "नाहीतर लोक लवकर संपवतात."

गाणं लेनानेच रचलेलं होतं. सर घोगऱ्या आवाजात म्हणू लागले, "आधी तळवे, मग बोटं, अंगठ्याला विसरू नका." मग त्यांनी मान वळवली. "मिस लेना, सप्टेंबरचं सांगायचं तर..."

"मधे बोलायचं नाही," ब्रिटा म्हणाली. "आता पहिल्यापासून."

सरांनी पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा पहिल्यापासून. लेना टॉवेल धरून पुढच्या शब्दाची वाट बघत उभी होती. शेवटी सरांनी हातांना भरपूर फेस केला आणि त्याच चालीवर म्हटलं, "सप्टेंबरला वर्ग तुमचा, अंगठ्याला विसरू नका."

"शब्द चुकले, सर," ब्रिटा म्हणाली. "परत म्हणा."

लेनालाही ते परत ऐकायचंच होतं.