आदिमानव राजवाड्यात

सकाळी दहा वाजता गुहेच्या कोपऱ्यात लोकांकडे पाठ करून आदिमानवाने चष्म्याचा डबा उघडला. चष्मा बायकोचा होता.

दोघांचे चष्मे एकाच दुकानातून एकाच दिवशी केलेले, डबेही सारखे. एरवी निघताना बायको दोन्ही उघडून बघायची आणि ज्याचा त्याला द्यायची. आज तिने बघितलं नाही, कारण नाश्ता करता करता नवरा एक वाक्य बोलून बसला होता. "तुला कोण राणी म्हणणार?" एवढंच. गंमत म्हणून बोललो, असं तो सकाळपासून स्वतःला सांगत होता आणि ते त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

दोघंही एकाच भल्यामोठ्या मनोरंजन उद्यानात कामाला होते. तो अकरा वर्षं अश्मयुगात, ती नऊ वर्षं राजवाड्यात दासी. जुनी राणी नोकरी सोडून गेली होती आणि आज अकराच्या दरबारात बायकोची परीक्षा होती. व्यवस्थापक स्वतः समोर बसणार. पसंत पडली तर कायमची राणी, नाहीतर पुन्हा हातात पंखा. दरबारात राणी त्या दिवशी वाढदिवस असलेल्या मुलांची नावं वाचते. ती रोज नवी असतात, पाठ करून भागत नाही. राणीला चष्मा चालत नाही, म्हणून लांबरुंद फर्मान तोंडासमोर धरायचं आणि त्याच्याआड चष्मा लावायचा, अशी युक्ती तिने शोधून काढली होती. आता तिच्याजवळ होता तो त्याचा चष्मा, आणि त्यातून तिला भिंतसुद्धा हलताना दिसायची. नवऱ्याने मुद्दाम डाव साधला असंच ती समजणार होती. सकाळच्या वाक्यानंतर तिला दोष तरी कसा द्यायचा?

उद्यानाचा नियम कडक होता. एका युगातला माणूस दुसऱ्या युगात दिसता कामा नये. त्यासाठी जमिनीखालून नोकरांची वाट होती, पण आज सकाळी सगळे आपापल्या युगात पोचल्यावर तिथे गुडघाभर पाणी तुंबलं आणि वाटेला कुलूप लागलं. फोन, कपडे, सगळं त्या कुलपाच्या पलीकडे. शिवाय आदिमानवाला भाषा नाही, हा दुसरा नियम. राग, भूक, आनंद, सगळ्याला मिळून एकच 'हूं'. अकरा वर्षांत त्याची ही सवय घरीही पोचली आहे, असं बायकोचं म्हणणं होतं.

कातड्याला खिसा नव्हता. त्याने डबा काखेत दाबला आणि युगाची वेस ओलांडली.

पहिला लागला हिमप्रदेश. तिथे यंत्रातून खरी थंडी सोडतात. एक हात अंगाशी घट्ट धरलेला, अनवाणी, कुडकुडणारा माणूस पाहून लोकांना तो जखमी वाटला. एका आजोबांनी नातीला समजावून सांगितलं, की माणूस गुहेतून पहिल्यांदा बाहेर पडला तो असाच. नातीला पुढचं बघायचं होतं, म्हणून आजोबा मागोमाग निघाले. आजोबा निघाले म्हणून बाकीचेही निघाले. आदिमानव पळू लागला तेव्हा पंचवीस माणसं कौतुकाने त्याच्यामागे पळू लागली.

पुढे चाच्यांचं बंदर होतं आणि दारातच वही घेऊन मुकादम उभा होता. आता नोकरी गेली असं आदिमानवाला वाटलं. पण चाच्यांचा म्होरक्या त्याचा जुना दोस्त. त्याने एका नजरेत प्रसंग ओळखला आणि दोन चाच्यांकडून त्याला उचलून घेतलं.

"कुठे निघालायस?" म्होरक्याने कानात विचारलं.

"बायकोकडे. सकाळी वाकडं बोललो."

म्होरक्यालाही बायको होती. त्याने पुढे काही विचारलं नाही. कैद्याला राणीपुढे हजर करा, असा हुकूम सोडून तो स्वतःच पुढे चालू लागला. ढोल वाजू लागला, गर्दी दुप्पट झाली. मुकादमाने वही उघडली, पण इतक्या जणांची नोंद कुठल्या युगाखाली करायची ते न कळून ती मिटली आणि तोही मागून चालू लागला.

राजवाड्यात अकरा वाजून गेले होते. राणी सिंहासनावर बसून फर्मान एकदा जवळ, एकदा लांब धरत होती. व्यवस्थापक घड्याळ बघत होते. तेवढ्यात चाच्यांनी आदिमानवाला पायरीपाशी आणून ठेवलं.

तो गुडघ्यांवर बसला. काखेतला डबा त्याने फर्मानाखालून तिच्या मांडीवर सरकवला. राणीने डब्याकडे पाहिलं, त्याच्या निळ्या पडलेल्या पायांकडे पाहिलं आणि ती सावकाश ताठ बसली.

"गुन्हा कबूल आहे?"

"हूं."

"दरबाराला ऐकू आलं नाही."

"हूं."

लोक हसले. फर्मान वर गेलं, क्षणभर थांबलं आणि मग एकेक नाव खणखणीत आवाजात बाहेर आलं. एकही चुकलं नाही. शेवटी तिने फर्मान खाली घेतलं.

"आता सांग. मला राणी कोण म्हणणार?"

त्याला बरंच काही बोलायचं होतं. सव्वीस वर्षांच्या संसाराचं साठलेलं होतं. त्या सगळ्याचं त्याने एक हूं केलं, आणि त्याचे डोळे भरून आले. दरबाराने टाळ्यांचा कडकडाट केला.

व्यवस्थापकांना हे सगळं बसवलेलं नाटक वाटलं आणि ते खूश झाले. बायको कायमची राणी झाली. नवऱ्याला रोज अकरा आणि चारच्या दरबारात शरण जायचं काम लागलं, सुट्टीच्या दिवसांत तीन वेळा. घरी जाताना राणी शेरे द्यायची. "दुपारची माफी जरा उरकल्यासारखी वाटली हं."

असे चार महिने गेले. मग एका सकाळी तिचं चुकलं. घाईत ती त्याला असं काही बोलली, की तो न खाताच उठला. रस्त्यात ती दोनदा माफी मागायला गेली आणि दोन्हीदा हवेबद्दलच बोलली. अकराला चाच्यांनी त्याला नेहमीप्रमाणे पायरीपाशी आणून ठेवलं. राणीने गुन्हा विचारला नाही. फर्मान बाजूला ठेवून ती सिंहासनावरून उतरली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"हूं," राणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांचं पत्र आलं, की राणीला भाषा येते, याचं भान राणीने ठेवावं.