आबासाहेब, दाजी आणि खांबेटेकाका

खांबेटेकाका कासवांना 'अहो' म्हणतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्याकडे कुणी वडीलधारे पाहुणे आलेत. कुंपणापलीकडून आवाज येत होता, "आबासाहेब, इकडे या. अहो दाजी, तुम्ही जरा सरका, त्यांना जेवू द्या." मार्च संपत आला होता. लॉकडाउन लागलेलं, सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातला आमचा रस्ता चिडीचूप, कुणी कुणाच्या घरी जायचं नाही असा नियम. मग हे दाजी आले कुठून? मी सभ्यपणा बाजूला ठेवला आणि कुंपणाच्या फटीला डोळा लावला.

काका अंगणात उकिडवे बसले होते. पुढ्यात स्टीलची परात, परातीत चार बोटं पाणी आणि पाण्यात पन्नास सेंटच्या नाण्याएवढी दोन कासवं. "कोवळं ऊन आहे," काका माझ्या डोळ्याकडे न बघता म्हणाले. "लहान बाळांना सकाळचं ऊन द्यावं. हाडं घट्ट होतात."

पकडली गेल्यावर माणसाने काहीतरी विचारावं म्हणून मी विचारलं, "पण अहो का म्हणता त्यांना?"

"ही माणसं माझ्यानंतरही वीस-तीस वर्षं असणार आहेत. आपल्यामागे जे राहणार त्यांना मान नको द्यायला?"

हेच काका देवाला अरे म्हणतात. टीव्हीवर पंतप्रधान दिसले की "हा आज काय बोलतोय बघू" म्हणतात. बायकोला पस्तीस वर्षं अगंतुगं. आख्ख्या जगात त्यांचा आदर मिळवलाय तो या दोघांनी.

काका वेस्टमीडच्या हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करायचे. व्हेंटिलेटर, मॉनिटर, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचेच्या पेट्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. जानेवारीत रिटायर झाले. फेब्रुवारीत मंगलाकाकूंची आई पुण्यात पडली आणि अंथरुणाला खिळली, म्हणून काकू तीन आठवड्यांसाठी गेल्या. मग विमानं बंद झाली. त्यानंतर परत यायचे मार्ग अधूनमधून निघायचे, पण एकदा इकडे आलं की पुन्हा देशाबाहेर पडता येईल याची खात्री नव्हती. काकू एकुलती एक मुलगी. त्या तिकडे राहिल्या, काका इकडे. आणि विमानं बंद झाली त्याच आठवड्यात कधीतरी आबासाहेब आणि दाजी घरात आले.

कासवं इथल्याच नद्यांतली, स्नॅपिंग टर्टल म्हणतात त्या जातीची. ती पाळायला सरकारी परवाना लागतो. काकांनी तो रीतसर काढून, फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय. "माझ्या पीआरला, इथे कायम राहायच्या परवान्याला, चार वर्षं लागली," ते प्रत्येकाला ऐकवतात. "यांचं काम दोन आठवड्यांत झालं. आहेतच तशी वजनदार माणसं." वजनदार माणसांची वजनं ते रोज सकाळी स्वयंपाकाच्या काट्यावर करायचे. नऊ ग्रॅम, साडेनऊ ग्रॅम. अॅक्वेरियमला दोन थर्मामीटर, कारण एकावर विश्वास ठेवायचा नाही ही हॉस्पिटलची शिस्त. शेजारी खिळ्याला क्लिपबोर्ड, त्यावर पाण्याचं तापमान, दिव्याचे तास, कुणी किती खाल्लं, कोण चिडचिडं होतं. चिडचिडे नेहमी दाजीच. माझ्या मुलीने, नऊ वर्षांच्या इराने, एकदा त्यांना बोट दाखवलं तर त्यांनी ते लगेच पकडलं. काकांनी आधी दाजींची समजूत काढली, मग इराला वीस सेकंद साबणाने हात धुवायला लावले आणि शेवटी क्लिपबोर्डवर लिहिलं, 'दाजी : प्रतिसाद उत्तम.'

कुठल्याही चौकशीला काकांचं एकच उत्तर असे. "नॉर्मल रेंजमध्ये." पाणी कसं आहे? नॉर्मल रेंजमध्ये. काकूंच्या आई? नॉर्मल रेंजमध्ये. तुम्ही कसे आहात काका? "नॉर्मल रेंजमध्ये," आणि लगेच फिल्टरचं काहीतरी काम निघायचं.

आता अडचण अशी की काका पक्के शाकाहारी आणि कासवांची बाळं पक्की मांसाहारी. काकांनी सुरुवातीला वाफवलेला दुधी देऊन पाहिला. दोघांनी त्याकडे पाठ फिरवली. शेवटी दुकानदाराने सांगितलेले गोठवलेले लाल किडे आणणं भाग पडलं. पण ते ठेवायचे कुठे? मंगलाच्या फ्रिजमध्ये अंडंसुद्धा आलेलं नाही, ती इथे नसताना तिचा फ्रिज बाटवणार नाही, असं काकांचं म्हणणं. म्हणून किडे आमच्या फ्रीझरमध्ये आले. पाकिटावर किड्यांचा फोटो होता, तो आम्हाला बघवणार नाही म्हणून काकांनी सगळ्या वड्या काढून एका स्वच्छ डब्यात भरून दिल्या. एवढा विचार करणारा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

माझा नवरा समीर मालवणकडचा. आमच्या फ्रीझरमध्ये कोकमाच्या आगळाच्या वड्या कायम असतात, तशाच डब्यात, तशाच गडद लाल. पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. रविवार होता, समीरने निगुतीने नारळाचं दूध काढलं, लसूण-मिरची ठेचून घातली आणि चार वड्या टाकल्या. थोड्या वेळाने मला हाक मारली. "अगं, हे कोकम कुठून आणलंस? रंगच सुटत नाहीये. आणि याला धागे आलेत."

मी कधी एवढ्या वेगाने स्वयंपाकघरात गेले नसेन. सोलकढी सिंकमध्ये ओतली, समीर दोन दिवस जेवला नाही. काकांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं आता माफी मागतील. ते म्हणाले, "चार वड्या? म्हणजे दोघांचं दोन दिवसांचं जेवण गेलं."

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कडेकोट गुप्त होती. कासवांबद्दल मंगलाकाकूंना कळता कामा नये.

काकूंचा व्हिडिओ कॉल यायचा तो आमच्या संध्याकाळी पाचला. तिकडे साडेबारा, आईला भरवून झालं की त्यांना अर्धा तास मिळायचा. वायफाय नीट येई ते फक्त बैठकीच्या खोलीत आणि अॅक्वेरियमही तिथेच. काकांनी त्यावर इंजिनिअरी उपाय शोधला. सोफा फिरवून काचेच्या पेटीसमोर ठेवला, पाठ भिंतीला. आता कॅमेऱ्यात काका आणि भिंत, बाकी काही नाही. पण आबासाहेब आणि दाजींच्या जेवणाची वेळही पाचचीच. पाच वाजले की दोघं काचेवर धडका द्यायला लागायचे. जेवणाची वेळ बदला असं मी सुचवलं, तर काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी हॉस्पिटलातलं मशीन बंद करायला सांगतेय. "बाळांच्या वेळा बदलायच्या नसतात," ते म्हणाले.

एकमेकांच्या घरी जायची बंदी उठली, तेव्हा ती कामगिरी माझ्यावर आली. काका फोनवर बोलत असताना मी त्यांच्यासमोर, कॅमेऱ्याच्या मागे, जमिनीवर बसायचं आणि लांब चिमट्याने दोघांना गुपचूप भरवायचं. शिंक आली तर दाबायची. मी एका बँकेत टीम लीड आहे, माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत, आणि मी रोज पाच वाजता लॅपटॉप मिटून कासवांना चोरून भरवायला जात होते.

"हा घर्र आवाज कसला येतोय?" काकू विचारायच्या.

"फ्रिज. म्हातारा झालाय."

"मेकॅनिक बोलवा ना."

"मीच मेकॅनिक आहे. नॉर्मल रेंजमध्ये आहे तो."

इरा एकदा माझ्याबरोबर आली होती. घरी परतताना म्हणाली, "मॉम, ही इज लाइंग टू हर. व्हाय कान्ट ही जस्ट टेल हर?" मी म्हटलं, काकूंना घर स्वच्छ लागतं, त्या ओरडतील म्हणून घाबरतात. मला खरोखर तसंच वाटत होतं. मी काकांना चिडवायचेसुद्धा. "काकू आल्यावर कुठे लपवणार? लॉफ्टवर?" काका नुसते हसायचे. "ती आली की मग काही प्रश्नच नाही."

पुढच्या वर्षी हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, सिडनीला मोठं लॉकडाउन लागलं आणि पुन्हा सगळ्यांच्या घरात जाणं बंद झालं. फक्त एकट्या राहणाऱ्यांना एक सवलत मिळाली, ठरवून एका माणसाला घरी येऊ देण्याची. मी कुंपणाशी जाऊन काकांना ती बातमी दिली. म्हटलं, "माझं नाव ठरवा, म्हणजे पाच वाजता येता येईल."

"पण मी एकटा कुठे आहे? आम्ही तिघं आहोत."

"काका, नियमात कासवं मोजत नाहीत."

त्यांनी दोन दिवस विचार केला. 'एकटा राहतो' हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघेनात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ठीक आहे. या तुम्ही. यांच्या सोयीसाठी म्हणून." तोवर यांचं अंग पुरीएवढं झालं होतं, तिसरी पेटी आली होती, आणि काकांचा मात्र सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता. मी डबा न्यायला लागले. अर्धा डबा ते परत पाठवायचे.

त्या दिवसांत एकदा दुपारी माझा फोन वाजला. मंगलाकाकू. पाचच्या कॉलला अजून दोन तास होते आणि त्या मला कधी फोन करत नसत. काकूंच्या आईचं काही झालं असेल असंच वाटलं.

"आई बरी आहे," त्या पहिल्यांदा तेच बोलल्या. "मला एक विचारायचंय. ती दोन कासवं काय खातात?"

मी टीम लीडला शोभेल असं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. "कुठली कासवं, काकू?"

"अगं, यांच्या चष्म्यात दिसतात. रोज. दीड वर्षं बघतेय मी. आधी एवढीशी होती, आता चांगली मोठी झाली. आणि मधूनमधून तुझा हात दिसतो चिमट्यासकट. परवा हिरव्या बांगड्या घातल्या होत्यास, छान दिसत होत्या."

मी खुर्चीत बसले. म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत? ते किती घाबरतात तुम्हाला कळू नये म्हणून."

"मला घाबरत नाहीत ते." मागे कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. "आम्हाला मूल झालं नाही, तुला माहितीये. मी किती वर्षं म्हणत होते, निदान एक मांजर आणू. हे ऐकायचे नाहीत. म्हणायचे, ज्यांच्या घरात माणूस नाही त्यांनी प्राणी पाळावेत. आपण दोघं आहोत की एकमेकांना. आता ते कुठल्या तोंडाने मला कासवं दाखवतील? दाखवली की झालंच ना सांगून, घरात माणूस नाही म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोनदा तिकीट काढलं मी," काकू म्हणाल्या. "दोन्ही वेळा रद्द केलं. आईचा हात सुटत नाही. पण त्यांनी एकदा, एकदाच जरी म्हटलं ना की मंगला, करमत नाही, तर मी आईला तशीच टाकून येईन. ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते म्हणत नाहीत आणि म्हणून मी विचारत नाही. ती दोघं आहेत तिथे, म्हणून मला इथे राहता येतं. तू त्यांना काही सांगू नकोस."

मग त्यांनी कासवांची बारीकसारीक चौकशी केली. मी नावं सांगितली, 'अहो'चं सांगितलं, सोलकढीचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की आईने आतून काय झालं म्हणून विचारलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. काकांवर राग आला, काकूंवर आला, आणि स्वतःचा तर फारच आला. वर्षभराहून जास्त मी त्या खोलीत जमिनीवर बसत होते आणि मला फक्त कासवं दिसत होती.

पाच वाजता मी पलीकडे गेले. चिमटा घेऊन जागेवर बसले. कॉल लागला, काका म्हणाले, "मजेत आहे, एकदम नॉर्मल रेंजमध्ये." त्या दिवशी मी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. दोन्ही काचांमध्ये दिव्याचा चौकोन होता आणि प्रत्येक चौकोनात दोन कासवं हळूहळू वर येत होती. त्यांच्यामागे काकांचे डोळे दिसतच नव्हते.

"आईने आज दोन घास जास्त खाल्ले," काकू सांगत होत्या. बोलता बोलता काकांनी काहीतरी पुसायला म्हणून चष्म्याला हात घातला.

"काढू नका," काकू म्हणाल्या. "राहू दे तसाच. छान दिसतोय."

काकांचा हात तिथेच थांबला. ते क्षणभर फोनकडे बघत राहिले, मग त्यांनी हात खाली घेतला आणि मान जरा सरळ धरली.