प्रतिवादींचे वकीलमामा

दिवेलागण झाली, की आमच्या समोरच्या घरातले वकीलमामा धुतलेल्या धोतरवजा वेष्टीवर काळा कोट चढवून देवाविरुद्ध उभे राहायचे.

उभे म्हणजे अक्षरशः उभे. दाराबाहेरच्या ओट्यावर, ज्याला तंजावरात सगळे तिण्णै म्हणतात, डाव्या हाताने कोटाची कड धरायची, उजवा हात पुढे करायचा आणि घसा साफ करायचा. मग राजवाड्यामागच्या त्या अरुंद गल्लीत सायकलवाले पाय टेकून थांबत, आणि फुलं विकणारी बाई टोपली खाली ठेवून गजरा ओवत बसे. दूरदर्शनवर काही बघण्यासारखं नसे, तेव्हाची ही गोष्ट. नंतर केबल आली. तिच्याकडे वळतेच.

देव आपला नव्हे. आपल्या देवांशी मामांचं उत्तम होतं. सकाळची संध्या, एकादशीचा उपास, शनिवारी मारुती, कुठे खोट नाही. भांडण होतं ते यहुद्यांच्या देवाशी. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून मामांनी मागच्या गल्लीतल्या देवसहायम सरांकडून त्यांचं हिब्रू शास्त्र तमिळमध्ये वाचायला आणलं. सर म्हणजे मिशनच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर, आवाज इतका मऊ की वर्ग कसा सांभाळला असेल देव जाणे. मामांनी ते शास्त्र केसपेपर वाचावेत तसं वाचलं, आणि एका सकाळी अर्धी दाढी झालेली असताना सरांच्या दारात जाऊन उभे राहिले. मामांची मराठी पिढ्यानपिढ्या तंजावरात मुरलेली, आणि शेजारात राहून सरांनाही ती येई.

"सार, हा निकाल एकतर्फी अहे!"

सर पेपर वाचत होते. "कुठला निकाल?"

"हा सगळाच! फिर्यादी देव, साक्षीदार देव, न्यायाधीश देव. आरोपीचा वकील कोठं अहे?"

मामांचं म्हणणं थोडक्यात असं. त्या शास्त्रात पानोपानी एकच फिर्याद आहे. मी मार्ग दाखवला, तुम्ही पाठ फिरवली. मी शिस्त लावली, तुम्ही ती झिडकारली. देव सांगतो, संदेष्टे सांगतात, शहाणपण स्वतः चव्हाट्यावर उभं राहून ओरडतं, आणि लोक ढिम्म. बरं, त्या लोकांचं काय म्हणणं होतं, ते कोणी नीट लिहूनच ठेवलेलं नाही. आयुष्यभर मामांनी दिवाणी कोर्टात प्रतिवादीचीच वकीलपत्रं घेतली होती. इतके प्रतिवादी वाऱ्यावर सोडलेले पाहून त्यांना राहवेना.

कोर्ट भरलं ते असं. सर देवाच्या बाजूने, मामा न ऐकणाऱ्यांच्या बाजूने, आणि न्यायाधीश मी.

मी सोलापूरची, लग्न होऊन या गल्लीत आलेली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई. कायद्याशी माझा संबंध भाडेकरारापुरता. पण मामांनी जाहीर करून टाकलं, "सूनबाई, तूं सोलापूरची. ह्या जिल्ह्यांत तुझं कोणी नाही. निःपक्षपाती!" माझा नवरा नावाचा एक माणूस याच जिल्ह्यातला होता, पण तो त्यांनी हिशेबात धरला नाही. मला वेताची खुर्ची मिळाली आणि मामींच्या हातची कॉफी. एवढ्यावर मी न्यायदानाला तयार झाले.

मामांचे खटले काय सांगू! वाळवंटातल्या लोकांचा घ्या. देव रोज आभाळातून खाऊ पाडत होता, आणि लोक रडत बसले की आम्हाला मागे सोडलेल्या इजिप्तमधले कांदे आठवतात, लसूण आठवतो, काकड्या आठवतात. देव भडकला. मामा म्हणाले, "माझे अशील कृतघ्न नव्हत. एकच पदार्थ! सकाळी तोच, संध्याकाळी तोच! आभाळांतून पडला म्हणून काय झालं? मनुष्याला कांदा आठवणारच!" मामींकडे चातुर्मासात चार महिने कांदा घरात येत नसे, त्यामुळे या खटल्यात मामांचा आवाज फारच आतून लागे. आतून मामींचा भांडं आपटल्याचा आवाजही येई.

दुसरा खटला एका भल्या गृहस्थाचा. देवाने त्याला सांगितलं पूर्वेला जा, तर हा पश्चिमेच्या जहाजात जाऊन बसला. शेवटी एका माशाने त्याला गिळलं. मामांनी हात पसरले. "समन्स चुकवणारा पक्षकार मी पाहिलाय. पण पकडायला अमीन म्हणून मासा पाठवणारं कोर्ट मी जन्मांत पाहिलों नाही. आणि पोटांत डांबायचं? जामिनाची सोय?"

सर हसत, आणि मग शांतपणे म्हणत, "वकील सार, ज्याच्यावर माया असते त्यालाच माणूस रागावतो. शेजारच्या पोराला कोण शिस्त लावतं?"

"ऑब्जेक्शन! माझे विद्वान मित्र डोळ्यांत पाणी आणून केस जिंकूं पाहतात."

"पोदुम, पोदुम," आतून मामी म्हणत. पुरे झालं. की कोर्ट उठे.

मी सुरुवातीला करमणूक म्हणून जात असे. पण एकदा मी जरा लवकर गेले आणि मामांची तयारी पाहिली. कोट घालण्याआधी त्यांनी विहिरीवर हातपाय धुतले, चूळ भरली, ओल्या हातांचं पाणी पंच्याने पुसलं आणि मग ते शास्त्र उचलून दोन्ही डोळ्यांना लावलं. मी विचारलं, "मामा, ज्याच्याशी भांडायचं, त्याला नमस्कार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गातल्या ढ मुलीकडे पाहावं तसं. "सूनबाई, मनुष्य भांडतो कोणाशी? जो ऐकतो म्हणून खात्री अहे, त्याच्याशीच. बहिऱ्याशी कोण भांडतो?"

आमच्या घरी देवाकडे मागणारे पुष्कळ पाहिले, देवाला घाबरणारेही पाहिले. पण हा सत्तरीचा माणूस त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता, आणि तेही परक्या देवाच्या, परक्या लोकांसाठी, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी. त्या दिवसापासून मी खुर्चीत जरा सावरून बसू लागले.

आता केबलचं सांगते.

मामांना एक मुलगा, रघू. त्याने वकील व्हावं हे तो जन्मला तेव्हाच ठरलं होतं, फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं. लॉ कॉलेज अर्ध्यात सोडून त्याने परदेशी वाहिन्या घरोघर पोचवायचा धंदा काढला. त्या वर्षांत गावोगाव हेच चाललं होतं. काल सायकलवर फिरणारा पोरगा आज गच्चीवर भलीमोठी थाळी उभारून आकाश खाली आणत होता. मामा म्हणाले, माझ्या गच्चीवर ती थाळी चढणार नाही. रघूने मामा एका लग्नाला गेलेले पाहून चढवली. संध्याकाळी मामा आले, वर गेले, स्वतःच्या हातांनी तार तोडली, आणि गच्चीवरूनच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं ऐकायचं नसेल तर ह्या घरांत राहूं नको."

रघू गेला. ओरत्तनाडूला, म्हणजे बसने तासाभराच्या अंतरावर. पण ते अंतर पुढे चार वर्षं कोणी कापलं नाही. रघूने तिकडे केबलचं बस्तान बसवलं, लग्न केलं. मामी सणावाराला भावाकडे जाते म्हणून सांगून कुठे जात, ते गल्लीला ठाऊक होतं. मामांनाही असावं. घरात त्याचं नाव निघत नसे.

म्हणजे बघा, न ऐकणाऱ्या साऱ्या दुनियेचं वकीलपत्र घेतलेल्या माणसाच्या घरात एका न ऐकणाऱ्याला जागा नव्हती. हे मला दिसत होतं, सरांना दिसत होतं, गजरेवालीलाही दिसत असेल. बोलायची कोणाची छाती नव्हती.

बोलल्या मामी. त्या आठवड्यात ओरत्तनाडूहून निरोप आला होता की रघूला मुलगी झाली. मामींनी तो मला स्वयंपाकघरात सांगितला, पदराने डोळे पुसले आणि कॉफी गाळली. संध्याकाळी कोर्ट भरलं, तेव्हा त्या कधी नव्हे त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"आज माझी केस घ्या," त्या म्हणाल्या. "सर, त्या हट्टी मुलाचा कायदा आहे ना तुमच्यांत? तो वाचा."

सरांचा चेहरा उतरला. मामांनी हे प्रकरण आजवर हुशारीने टाळलं होतं. सरांनी पानं उलटली आणि हळू आवाजात तमिळमध्ये वाचलं. मुलगा हट्टी असेल, आईबापाचं ऐकत नसेल, शिस्त लावूनही वळत नसेल, तर आईबापांनी त्याला धरून गावच्या वेशीशी वडीलधाऱ्यांपुढे न्यावं, तक्रार सांगावी, आणि गावाने त्याला दगडांनी मारावं.

मामांनी कोटाची कड धरली. एक क्षण मला वाटलं ते आत निघून जातील. पण समोर प्रतिवादी उभा होता, आणि त्याला वकील नव्हता. मामांना तेवढं पुरे होतं.

"हे पण एकतर्फीच," ते सुरू झाले. आवाज खाली होता. "मुलाला कोणी विचारलं नाही, तूं का ऐकलं नाहीस म्हणून. कदाचित त्याला दुसरं काही दिसत असेल. बापाला जें दिसत नाही, तें पोराला दिसूं नये म्हणून कोठं लिहिलंय?" मग आवाज चढला. असे मामा मी कधी ऐकले नव्हते. ते कायद्याच्या एकेका शब्दाला हात घालत होते. वेशीपर्यंत न्यायचं म्हणजे काय, तर बापाच्या रागाला घरात निकाल द्यायचा हक्क नाही. वडीलधाऱ्यांपुढे का, तर रागावलेला मनुष्य न्यायाधीश होऊं शकत नाही. देवालाच हें माहीत होतं! सर खुर्चीच्या कडेवर आले होते. माझ्या हातातली कॉफी निवली. हा माणूस प्रथमच देवाविरुद्ध नव्हे, देवाच्याच शब्दांतून बोलत होता.

"आणि मुख्य मुद्दा, माय लॉर्ड," मामा माझ्याकडे वळले. "नुसता बाप तक्रार करूं शकत नाही. बाप आणि आई, दोघांनी मिळून यायला होवं. इथं आईची तक्रार कोठं अहे? आईची तक्रार नसेल तर केसच उभी राहत नाही!"

"मी केली नव्हती," मामी उंबऱ्यातून म्हणाल्या.

मामांचा हात तसाच पुढे राहिला.

"त्या दिवशी मला कोणी विचारलं नाही," मामी म्हणाल्या. "मी जिन्याखाली उभी होतें. मी तक्रार केली नव्हती."

मामांचा हात हळूहळू खाली आला. ते ओट्यावर बसले, भिंतीला पाठ लावून. निकाल द्यायचं काम माझं होतं, पण मी काय देणार? मी उठले आणि मामींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सरांनी शास्त्र मिटलं आणि चपला न घालताच घरी निघाले. दोन घरं ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

सकाळी मामींनी मला हाक मारली. "हे ओरत्तनाडूला जायचं म्हणताहेत. मी काल रडून रडून डोळे सुजवून घेतलेत, माझं डोकं उठलंय. तूं जा ग सोबत. वाटेंत उतरून परत येतील, त्यांचा नेम नाही."

बसमध्ये मामा एक शब्द बोलले नाहीत. खिडकीबाहेर भाताची खाचरं जात होती. मी दोनदा विचारलं पाणी हवं का, दोनदा त्यांनी मान हलवली. देवासमोर तासन् तास बोलणाऱ्या माणसाला इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

स्टँडजवळ विचारलं, तर रघू पुढच्याच रस्त्यावर खांबावर होता. शिडी लावून वर चढलेला, पाठ आमच्याकडे, तोंडात तारेचा तुकडा. शिडी धरायला ठेवलेला माणूस चहाच्या टपरीवर गप्पा मारत होता. शिडी जरा हलली. मी हाक मारणार तोवर मामा पुढे गेलेसुद्धा. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली.

वरून रघूने खाली न बघता तमिळमध्ये दरडावलं, "नीट धर! काम होईपर्यंत सोडायची नाही, समजलं?"

मामांनी मान वर केली. त्यांनी घसा साफ केला. मग मराठीत, अगदी हळू म्हणाले, "सोडणार नाही रे."

वर रघूचे हात थांबले. त्याने खाली पाहिलं नाही. बराच वेळ तो खांबाला तसाच धरून राहिला, आणि खाली मामा शिडी धरून राहिले.