कासवाच्या पाठीचा दाखला

एका जंगलात, बाळांनो, प्राणी आपापल्या रंगात खूश होते. मग तिथल्या तरसशेठने 'झळाळी' नावाची पावडर काढली. अंगाला चोळली की केस असे चमकायचे, की डबक्यात तोंड बघायला रांग लागायची.

पण जंगलात एक शहाणा कायदा होता. नवी वस्तू आधी उंदरांना दोन वर्षं चोळायची, मगच विकायची. उंदरांना विचारायची पद्धत नव्हती.

पन्नास उंदरांना झळाळी चोळली, पन्नासांना साधी राख. दोन वर्षं म्हणजे उंदराचं अख्खं आयुष्य. तपासणी सुरू करणारे उंदीरमामा मध्येच म्हातारे होऊन वारले. निकाल त्यांच्या मुलाने, तात्याबाने सिंहाच्या दरबारात वाचला.

"महाराज, राखवाल्यांपैकी दोघांना गाठी झाल्या. झळाळीवाल्यांपैकी एकतीस जणांना. हे विष आहे. सशीण रोज पोरांना हेच चोळते हो!"

तरसशेठने नमुने आधीच घरोघर वाटले होते. फुकट वाटणं म्हणजे काही विकणं नव्हे. सिंहालाही एक पोतं पोचलं होतं. त्याने आपली चमकती आयाळ चाचपली.

तरसशेठ हसला. तो नेहमीच हसतो.

"महाराज, उंदरावरून सिंहाचं काय कळणार? आपण कुठे, तो कुठे!"

सिंहाला हे फारच पटलं. "मग तपासायचं कोणावर?"

"कासवावर. वयस्कर आहे, निर्व्यसनी आहे."

कासवाच्या पाठीवर दोन वर्षं झळाळी चोळली. पाठीवर म्हणजे कवचावर, बाळांनो. मग दरबारात त्याला विचारलं, "काही त्रास झाला?"

"म्हणजे? कोणी काही चोळत होतं का?" कासव म्हणालं.

झळाळी सुरक्षित ठरली आणि धडाक्यात विकली जाऊ लागली. तोवर तात्याबाही गेला होता. त्याची वही लेकीकडे, रखमाकडे आली.

एके दिवशी सिंहाला आयाळीखाली गाठ लागली. त्याने रखमाला बोलावलं. तिने वही उघडली, गाठ दाबून पाहिली.

"तीच आहे, महाराज."

"बंद करा ती झळाळी!" सिंह गरजला. रखमाला आनंदाने रडू आलं. आजोबा आणि बाप दोघंही फुकट गेले नाहीत, असं तिला वाटलं.

"आपल्यासाठी आजपासून बंद, महाराज," तरसशेठ हसत म्हणाला. "पण सिंहावरून सशाचं काय कळणार? आपण कुठे, तो कुठे!"

सिंहाला हेही पटलं.

दुसऱ्या दिवशी डब्यांवर नवी ओळ आली: 'सिंहांनी वापरू नये.' रखमा धावत सशिणीकडे गेली. सशीण पिल्लाच्या कानाला झळाळी चोळत होती.

"अगं वाचलंस का?"

"वाचलं की," सशीण म्हणाली. "आम्ही कुठे सिंह आहोत?"

तात्पर्य: तपासणी कधीही टाळू नये. हवा तो निकाल येईपर्यंत ती चिकाटीने करत राहावी.