बंद डब्यातलं हिरवं पाकीट

शिनचू शहरात संगणक जास्त वेगाने पळवणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण पळवूनही तो थंड ठेवणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, याबद्दल लिआव शांग-तेच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, तरी तो तापता कामा नये आणि मध्येच मान टाकता कामा नये, हा त्याचा तीन वर्षांचा नाद. नोकरीही त्याच मुलखातली. कारखान्यात मदरबोर्ड तपासायचे. दिवसभर लोकांचे बोर्ड तापवून झाले की हा घरी येऊन स्वतःचा तापवत बसे. बसे कुठे, तर घरातल्या एकुलत्या एका रिकाम्या खोलीत, आणि सगळी भानगड त्या खोलीचीच होती.

यू-फेनला, म्हणजे त्याच्या बायकोला, ती खोली आपल्या आईसाठी हवी होती. सासूबाई मिआओलीत एकट्या राहत, आणि गुडघ्यांनी आता संप पुकारला होता. खोलीचा विषय निघाला की शांग-ते म्हणायचा, थोडंच राहिलंय. असं तीन वर्षं थोडंच राहिलं होतं. शेवटी यू-फेनने एका रविवारी आईला आणि भावाला जेवायला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. यंत्र एक तास पूर्ण वेगाने चालवून दाखवायचं. बंद पडलं नाही आणि पारा नव्वदच्या पुढे गेला नाही, तर खोली त्याची आणि विषय कायमचा बंद. नाहीतर खोली आईची आणि यंत्र अडगळीत.

"नव्वद कशाला?" शांग-ते म्हणाला. "सत्तरच्या वर गेलं तर नाव बदलीन. एसीसुद्धा लावायचा नाही."

हा विश्वास काही उगाच आलेला नव्हता. तीन आठवडे खपून त्याने वेग वाढवत आणि व्होल्टेज कणाकणाने उतरवत साडेपाच गिगाहर्ट्झ गाठले होते. प्रोसेसरवर दोन पंख्यांचा भरभक्कम कूलर होता. सोळा वेळा चाचणी झाली, सोळाही वेळा पारा पासष्टच्या आत राहिला. आता यात बोट ठेवायला जागा कुठे होती?

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्याच्या कारखान्यात, आणि खरं म्हणजे त्या अख्ख्या देशात, कुठल्याही महत्त्वाच्या यंत्रावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचं एक हिरवं पाकीट ठेवतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असा. यंत्र मग शहाण्यासारखं वागतं. पाकीट हिरवंच हवं, कुणी खाल्लेलं नको, आणि मुदत संपायच्या आत बदलायला हवं. बँकेत, इस्पितळात, कारखान्यात, सगळीकडे हे पाकीट बसलेलं असतं आणि त्याला हसायची कुणाची छाती नसते.

शांग-ते हसायचा. नवीन वर्षाला सासूबाई त्याच्या संगणकासाठी मुद्दाम असं एक पाकीट घेऊन आल्या होत्या. सासूबाईंची एकतीस वर्षं कारखान्यात बोर्डांवर सोल्डरिंगचे डाग देण्यात गेलेली. त्याने पाकीट दोन्ही हातांनी परत केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, हे इंजिनिअरचं घर आहे." पाकीट त्यांनी पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढून घेतली.

तर रविवारी सकाळी यू-फेन बाजारात गेली होती. शांग-तेने यंत्राची धूळ पुसली, झाकण उचललं, आणि लावता लावता त्याचा हात थबकला. ऑफिसच्या बॅगेत एक हिरवं पाकीट होतं. मागे कधीतरी सर्व्हरवरचं पाकीट बदललं तेव्हा ते त्याच्याकडे राहिलं होतं. आपला काही विश्वास नाही, त्याने स्वतःला समजावलं, पण नडत तर नाही ना? वर ठेवलं तर दिसेल. म्हणून त्याने ते आत, मेमरीच्या शेजारी उभं करून ठेवलं आणि झाकणाचे चारही स्क्रू घट्ट आवळले.

बाराला यंत्र सुरू झालं. त्याच खोलीत मांडलेल्या टेबलावर रश्श्याचं पातेलं उकळत होतं. मेहुणा वेन-लुंग, जो स्वतःच्या संगणकाला पाण्याने थंड ठेवतो आणि हवेवर भरवसा ठेवणाऱ्यांची कीव करतो, तो चॉपस्टिक हातात घेऊन आकड्यांकडे बघत बसला. चौसष्ट. चौसष्ट. शांग-तेने त्याच्या वाटीत आपल्या हाताने माशाचे गोळे वाढले.

विसाव्या मिनिटाला बहात्तर झाले. वेन-लुंगने त्याला नवीन नाव सुचवलं.

शांग-तेने पातेल्याकडे बोट दाखवलं. घरात एवढी वाफ, यंत्राने करायचं काय? पातेलं, शेगडी आणि टेबल उचलून लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत नेण्यात आलं. पारा सत्याहत्तर. मग त्याने माणसांचा हिशेब मांडला. एकेक माणूस म्हणजे शंभर वॉटचा हीटर, खोलीत चार हीटर बसलेत! झालं, माणसंही बाहेर गेली. समोरच्या पेंग काकू दार उघडून बघतात तो लिफ्टपाशी पंगत बसलेली. त्या आपली वाटी घेऊन आल्या.

खरं कारण शांग-तेला एव्हाना कळून चुकलं होतं. आतून बारीक खसखस ऐकू येत होती. पाकीट घसरून कूलरच्या पंख्याला चिकटलं असणार. झाकण उघडलं की दोन सेकंदांचं काम. म्हणून तर सगळ्यांना घालवायचं होतं. पण सासूबाई हलायला तयार नव्हत्या. स्टुलावर बसून पेरू सोलत होत्या.

"आई, तुम्हीही बाहेर बसता का? जेवण निवेल."

"माझे गुडघे दुखतायत. तू कर तुझं काम, मी बघत नाहीये," त्या म्हणाल्या, आणि बघत राहिल्या.

त्र्याऐंशी. शांग-ते घामाने निथळला. सत्त्याऐंशी.

"आत काहीतरी खसखसतंय."

"पंखा आहे, आई."

"एकतीस वर्षं पंखे ऐकलेत मी. पंखा घरघरतो. हे पाकीट आहे."

एकोणनव्वद. एका बाजूला खोली, दुसऱ्या बाजूला अब्रू. शांग-तेला दोन्ही जिवापाड प्रिय होत्या, पण अब्रूत संगणक ठेवता येत नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. झाकण निघालं. हिरवं पाकीट पंख्याला पाठ चिकटवून पोळीसारखं सपाट झालं होतं. सासूबाईंनी पुढे वाकून ते अलगद ओढून काढलं. पारा धाडकन सत्तर, मग चौसष्ट, आणि तिथेच गप्प बसला.

आता बोलणी खायची, म्हणून त्याने मान खाली घातली. सासूबाईंनी पाकीट डोळ्यांपासून लांब धरून तारीख वाचली.

"मागच्या वर्षीचं आहे," त्या म्हणाल्या. "मुदत संपलेलं ठेवतात का कधी? तापणार नाही तर काय होणार?"

वारा अडला म्हणून तापलं, हे सांगायला शांग-तेने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण लाजेची गोष्ट अशी, की क्षणभर त्यालाही तेच वाटलं होतं.

सासूबाईंनी पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि चेन ओढली. त्याने झाकण लावलं. तास भरला तेव्हा सगळे आत आले. चौसष्ट अंश, वेग साडेपाच, यंत्र ठणठणीत. नव्वदला काही पारा शिवला नव्हता. वेन-लुंगने मान डोलावली. यू-फेनचा चेहरा उतरला होता, पण ती शब्दाची पक्की. म्हणाली, जिंकलास, खोली तुझी.

तेवढ्यात सासूबाईंनी पर्सची चेन बोटभर उघडली.

"मी काय म्हणतो," शांग-ते घाईघाईने म्हणाला, "आईंना इकडेच आणू या. यंत्र काय, बैठकीतही गारच राहील."

यू-फेनच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं मन आपल्या नवऱ्याचं आहे, हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तिने त्याला सगळ्यांदेखत सर्वांत मोठा माशाचा गोळा वाढला. तो त्याने मान वर न करता खाल्ला.

आता सासूबाई त्या खोलीत मजेत असतात. यंत्र बैठकीत टीव्हीशेजारी आहे, आणि त्यावर, हवेच्या जाळीपासून चार बोटं लांब, एक हिरवं पाकीट असतं. ते वेळच्या वेळी बदलायचं काम शांग-तेकडे आहे. पाहुण्यांनी विचारलं तर तो हसून सांगतो, जुन्या माणसांची श्रद्धा, आपण काय बोलणार.

मग आतल्या खोलीतून चेन उघडल्याचा आवाज येतो, आणि शांग-ते पाहुण्यांना चहा विचारतो.