बुडालेल्या सासुरवाडीतली मरळ

"एका दगडात दोन पक्षी मारणारे पुष्कळ पाहिले. मी एका गळात मासा आणि बायको, दोघांनाही खूश करून दाखवतो!" बिभीषण ओव्हाळांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेत जाहीर केलं.

"गळाला लागल्यावर मासा खूश होतो का हो?" शेजारच्या टेबलावरून बंकटनं विचारलं.

असल्या क्षुल्लक शंकांना बिभीषणराव उत्तर देत नसत. त्या वर्षी पाऊसच नव्हता, त्यामुळे ऊस नव्हता आणि सहकारी साखर कारखान्याची चिमणी उन्हाळा लागायच्या आधीच गार पडली होती. रसातली साखर मोजणाऱ्या केमिस्टला मोजायला रसच उरला नाही. कारखाना बंद, हजेरी तेवढी चालू! मग माणसानं मासे धरायचे नाहीत तर काय करायचं?

अडचण एकच होती. सिंधूताई! त्यांना मासेमारीचा मनस्वी कंटाळा. मागच्या उन्हाळ्यात बिभीषणराव त्यांना 'निसर्ग बघायला' म्हणून एका तळ्यावर घेऊन गेले होते. दिवसभर त्या बाभळीच्या सावलीत बसल्या. बाभळीची सावली म्हणजे चाळणीनं धरलेलं पाणी! संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता आणि तोंडून शब्द फुटत नव्हता. शब्द फुटला तो थेट या वर्षी, सहलीचं नाव काढल्यावर.

"ही शेवटची," त्या शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणाचीच भीती होती. "या वेळी माझा जीव रमला तर तुमचा गळ घरात राहील. न्हाई रमला, तर घरात एक तर गळ राहील, न्हाई तर मी. विचार करून ठरवा."

बिभीषणरावांनी विचार केला आणि त्यांच्या डोक्यात वीज चमकली. सिंधूताईंचं माहेर, जुनी साळेवाडी! त्या लहान असतानाच धारूरच्या डोंगराकडच्या तलावात ते गाव बुडालं होतं. आता तलाव आटला होता आणि गाव वर आलं होतं. कडेकडेनं गुडघाभर उथळ पाणी, वर तापलेलं ऊन. अशा पाण्यात मरळ हवा घ्यायला सारखी वर येते; नुसतं उभं राहायचं, दिसली की गळ टाकायचा! बायको माहेर बघेल, आपण मरळ बघू. माहेर असं, की जिथं सासू नाही, मेहुणे नाहीत, पाहुणचार नाही. नुसते दगड! असं सोयीचं माहेर साऱ्या जिल्ह्यात दुसरं सापडणार नाही.

"सिंधू, तुला माहेरी नेतो!" ते म्हणाले.

सिंधूताईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. डोळे भरून आले. बिभीषणरावांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

रविवारी सकाळी घाटनांदूरहून मोटरसायकल निघाली. पुढं बिभीषणराव, मागं सिंधूताई आणि दोघांच्या मधून झेंड्यासारखी उभी फायबरची गळकाठी. तळ्यावर पोचताच बिभीषणरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "तू आरामात बघ गाव," असं म्हणून ते पाण्याकडे सुटले. वीसेक हातांवर पाणी जरासं हललं, काळं तोंड वर आलं आणि बुडुक झालं. मरळ! तीही मांडीएवढी! त्यांनी काठी उचलली...

"कोण हाय बे तिकडं? ठेव ती काठी खाली!"

चार माणसं धावत आली. तलावाचा ठेका धरणग्रस्तांच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे होता आणि सभासदाशिवाय कुणी पाण्यात दोरा टाकायचा नाही, असा तिचा कडक नियम होता. बिभीषणरावांची कॉलर पकडली गेली. "मी साखर कारखान्यातला, सहकारातलाच माणूस आहे हो!" ते ओरडले.

"मंग साखर धर की! मासे कावून धरतो?"

तेवढ्यात सिंधूताई धापा टाकत आल्या. कॉलर धरणाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले, मग मोठे केले.

"सिंधे? आगं, मी आसाराम! तुझ्या काकाचा आसाराम!"

"अय्या, दादा!"

"मंग हा चोर कोण?"

"आमचे हे."

कॉलर सुटली. सुटली म्हणजे काय, आसारामनं ती आपल्या हातानं सारखी केली, इस्त्री केल्यासारखी! "जय भीम, दाजी! चुकी झाली. आरं, दाजी आल्यात! काकूला सांगा, जावई आला!"

आणि इथंच बिभीषणरावांचा घात झाला. चोराला दम देऊन सोडून देतात. जावयाला कोण सोडतो?

गाव बुडाल्यावर चहूकडे पांगलेली जुनी माणसं, गाव वर आल्यापासून दर रविवारी तिथं जमत होती, हे त्यांना कुठं ठाऊक होतं! भामाकाकू काठी टेकत पुढं आल्या. सिंधूला छातीशी धरून त्या ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी हुकूम सोडले. एक मोटरसायकल मटणाला पळाली, दुसरी टॉवेल-टोपीला.

"काकू, कशाला त्रास? आता गाव तरी कुठं राहिलंय," बिभीषणराव पाण्याकडे बघत म्हणाले.

"गाव बुडालं, जावईबापू. सासुरवाडी कधी बुडत असती का?"

सिंधूताईंच्या बापाच्या घराचं जोतं तेवढं शिल्लक होतं. बिभीषणराव त्यावर चढले तोच काकू कडाडल्या, "भिंतीतून कावून आलात? दार तिकडं हाय!"

तिथं ना भिंत होती ना दार. तरी बिभीषणराव मागं फिरले, वळसा घालून आले आणि नसलेल्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून आत शिरले. सारेच तसे शिरत होते! त्यांना ओसरीत सतरंजीवर बसवलं. छप्पर नव्हतं म्हणून दोघांनी डोक्यावर मासे धरायचं जाळं धरलं. जाळ्यातून ऊन गाळून पडत होतं. बाभूळ परवडली!

त्यांची गळकाठी आसारामनं अदबीनं काढून घेतली. "दाजीनं हात घाण करायचे? लोक काय म्हणतील आमाला? बसा, दाजी."

"नुसता एकदा टाकतो गळ. नियम मोडत असेल तर..."

"नियमाचं सोडा. मानाचं हाय!"

समोर पाण्यात मरळ वर यायची, बिभीषणरावांकडे बघितल्यासारखं करायची आणि बुडायची. तिकडे सिंधूताई मात्र गावभर फिरत होत्या. "इथं आमची चूल! इथं केशरआत्याचा उंबरा! इथं मी पडले होते, काकू, ही बघा खूण!" त्यांच्या मागं बायकांचा घोळका आणि हसण्याचा गलबला. इतकं हसताना बिभीषणरावांनी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. म्हणजे गळ वाचला! पण वाचून उपयोग काय? जेवणात पहिला मान म्हणून कलेजी ताटात आली, तशी त्यांच्या डोक्यात दुसऱ्यांदा वीज चमकली. एक फोड त्यांनी गुपचूप रुमालात बांधली. खिशात सुटा गळ आणि दोरा होताच.

जावयाला एकट्यानं कुठं जाता येत नाही. एका जागेचा तेवढा अपवाद. बिभीषणरावांनी तांब्या मागितला. नवी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल आणि हातात तांब्या अशा थाटात ते पडक्या देवळीमागून वळले आणि थेट पाण्यात उतरले. तांब्या काठावर. कलेजी गळाला. दोरा भिरभिरला आणि टपकन पडला.

पाणी फुगलं. दोरा ताणला. हाताला असा हिसका बसला की टोपी उडाली आणि पाण्यावर तिची होडी झाली! बिभीषणरावांनी मागं पाऊल टाकायला पाय उचलला, तो उचलेचना. कित्येक वर्षांचा गाळ! दुसरा पाय उचलायला गेले तर पहिला आणखी खोल. मरळ ओढतेय पुढं, गाळ ओढतोय खाली आणि सासुरवाडीचा मान ओढतोय मागं! ओरडावं तर अब्रू जाणार, न ओरडावं तर मरळ जाणार.

अब्रू परत मिळवता येते. मांडीएवढी मरळ येत नाही.

"सिंधू! सिंधू, धाव!"

सारी साळेवाडी धावली. सगळ्यात पुढं सिंधूताई! पदर खोचला, पाण्यात उतरल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरचा मानाचा टॉवेल खेचून घेतला. दोरा हाताला गुंडाळत त्या पुढं गेल्या. मरळ उसळली तसा तिच्यावर टॉवेल टाकला आणि टॉवेलावर स्वतः पडल्या. चिखल असा उडाला की क्षणभर कोण बाई नि कोण मरळ ते कळेना! मग सिंधूताई उठल्या. नखशिखान्त काळ्या, दात तेवढे पांढरे, आणि छातीशी कवटाळलेली तडफडती मरळ!

"घावली रे!" आसाराम ओरडला. शिट्ट्या, टाळ्या, नुसता जल्लोष! बायकांनी सिंधूताईंना उचललं, पुरुषांनी मरळ उचलली आणि वरात वजनकाट्याकडे निघाली.

"अहो, मी इथं आहे!" बिभीषणराव कमरेपर्यंत गाळातून म्हणाले.

त्यांना काढायला माणसं आली, पण मरळ तोलून झाल्यावर.

संस्थेनं तिथल्या तिथं निकाल दिला. मरळ सिंधूताईंची. धरणग्रस्ताची लेक म्हणून सभासद व्हायचा त्यांचा हक्क आहे, पुढच्या रविवारपासून त्यांनी खुशाल गळ टाकावा. "आणि यांनी?" सिंधूताईंनी विचारलं.

"दाजीला सभासद करून त्यांचा मान कमी करायचा व्हय?" भामाकाकू म्हणाल्या. "त्यांनी बसायचं!"

परतीच्या वाटेवर सिंधूताई मागून वाकून कानाशी म्हणाल्या, "अहो, पुढच्या रविवारी लवकर निघू या. सकाळी सकाळी मरळ अगदी काठाशी येते म्हणे."

बिभीषणरावांचा ऊर भरून आला. बेत फत्ते!

सोमवारी हजेरीला आल्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत दोन्ही हात फाकवले. "एवढी मरळ! बायको खूश! काय म्हणालो होतो?"

"मानलं, साहेब!" बंकट उभाच राहिला. "धरली कशी?"

"सिंधूनं झडप घातली."

"आणि काठावर कुणी आणली?"

"सिंधूनंच. मग आसारामनं उचलली."

"मंग तुमी काय करत होता?"

बिभीषणरावांनी हात हळूच खाली घेतले, खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले,

"मी? मी जावई होतो."