लंबूची बुटकी गाडी

हे लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. मयताच्या दिवशीची गोष्ट. तिच्यावर हसायचं कसं आणि हसवायचं तरी कुणाला? पण परवा लंबूच म्हणाला, "लिही रे. गाडी खाली बसवायच्या आधी निदान कोणीतरी वाचेल." मग बसलो.

लंबू म्हणजे माझा मित्र. उंची अशी, की त्या चिमुकल्या गाडीत बसला की गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर येतात, बेडूक बसल्यासारखे! गाडी त्याच्या बाबांची. बाबांचे गुडघे कामातून गेले, क्लच दाबवेना, म्हणून चावी लंबूकडे आली. आणि चावी आली तसा डोक्यात भुंगा शिरला: गाडी खाली बसवायची. इतकी, की चाक आणि मडगार्डच्या मध्ये बोट जाता कामा नये.

"एकदा बसू दे खाली," तो म्हणायचा, "सगळी माणसं वळून बघतील."

बघितलं. सगळ्यांनी बघितलं. तेच सांगतोय.

लंबूने त्या विषयाचा एवढा अभ्यास केला, की शाळेत त्याच्या निम्मा केला असता तर मास्तरांनी आनंदाने राजीनामा दिला असता. पर्याय दोन होते. एक, आखूड स्प्रिंगा. बसवल्या की गाडी कायमची खाली. दुसरा, आटेवाला सेट. त्यातली रिंग फिरवली की गाडी हवी तेवढी वर, हवी तेवढी खाली. लंबू रोज एक ठरवायचा, रोज मोडायचा. घरात आई वैतागली. बाबा खिडकीतून गाडीकडे बघायचे आणि परत पेपरात डोकं घालायचे.

शेवटी लंबूने आखूड स्प्रिंगा घेतल्या. त्याचं म्हणणं, एकदा खाली आणलेली गाडी परत वर न्यायची वेळ येईलच कशाला?

गॅरेजच्या मिस्त्रीने एवढंच विचारलं, "गाडीत बसतं कोण कोण?"

"मी एकटाच," लंबू म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. मिस्त्रीने माझ्या पोटाकडे एक नजर टाकली. पण गिऱ्हाईक म्हणतंय एकटा, तर एकटा.

गाडी घरी आली. लंबूने गल्लीतल्या स्पीडब्रेकरची उंची पट्टीने मोजली, मग गाडीखाली डोकं घालून तिच्या पोटाखालची जागा मोजली. बोटभर जास्तच निघाली. अगदी शास्त्रशुद्ध काम. फक्त मोजताना गाडी रिकामी होती.

त्याच आठवड्यात काका गेले.

काका म्हणजे बाबांचे कागदाच्या कारखान्यातले जोडीदार. दोघं रोज याच गाडीतून कामाला जायचे. काका कोपऱ्यावर उभे राहायचे आणि बाबांना रोज उशीर व्हायचा, कारण बाबांना रोज चष्मा सापडायचा नाही. काका कधी बोलले नाहीत. थांबायचे.

फोन आला तेव्हा बाबांनी एकच वाक्य काढलं. "मला शेवटपर्यंत जायचंय."

बाबांना पुढे बसवणं म्हणजे कपाट खड्ड्यात उतरवणं होतं. सीट इतकी खाली, की ते वाकता वाकता मध्येच सुटले आणि धपकन बसले. मी मागे. गाडी हळूच 'हुं' असं करून आणखी खाली गेली. लंबूने ते ऐकलं, पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघून गाडी काढली.

वाटेत खड्डे होतेच. खड्डा आला की आम्ही तिघं एकदम मान हलवायचो, कसल्यातरी गोष्टीला होकार दिल्यासारखे.

स्मशानाच्या फाटकातच एक स्पीडब्रेकर होता. पुढची चाकं पलीकडे उतरली आणि खालून असा आवाज आला, की लंबूने डोळेच मिटले. गाडी पोटावर बसली. पुढे नाही, मागे नाही.

मी उतरलो. गाडी हलली नाही. लंबू उतरला. तरी नाही. आता बाबा. बाबांच्या बाजूचं दार उघडायला गेलो, तर दाराची खालची कड फाटकाच्या दगडी कठड्याला अडली. दार वीतभर उघडलं आणि थांबलं. लंबूच्या बाजूने बाहेर काढावं, तर मध्ये गिअर, आणि बाबांचे गुडघे वळत नव्हते. म्हणजे बाबा उतरल्याशिवाय गाडी निघणार नाही, आणि गाडी निघाल्याशिवाय बाबा उतरणार नाहीत!

तेवढ्यात मागून शववाहिनी आली आणि आमच्यामागे थांबली.

तिच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. तो आरशात बघत बसला. मागची सगळी माणसं उतरली, पुढे आली आणि गाडीकडे बघू लागली. वळून वळून. लंबूला तिथेच कुठेतरी जागा बघून पडावंसं वाटलं.

काकांचा मुलगा पुढे आला. डोळे लाल. वीतभर उघड्या दारातून त्याने बाबांना पाहिलं आणि माणसांना म्हणाला, "उचला. यांना घेऊनच उचला."

काकांना खांदा द्यायला आलेली माणसं लंबूच्या गाडीला भिडली. पण धरायचं कुठे? चाक आणि मडगार्डच्या मध्ये बोट जाईना! लंबूची केवढी हौस होती ती. शेवटी कोणी बंपर धरला, कोणी खालची पट्टी, कोणी नुसता जोर लावल्याचा चेहरा केला. गाडी उचलली. आत बाबा मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. सगळी मिरवणूक अशी आत आली: आधी बाबा, मागून काका.

आत आम्ही दोघांनी ओढून बाबांना उभं केलं. ते काकांजवळ गेले.

"आजही तुला थांबवलंच," ते म्हणाले.

लंबू माझ्या शेजारी होता. त्याने तोंड फिरवलं.

परत निघताना बाबा फाटकाबाहेर चालत गेले, माझा हात धरून. लंबूने रिकामी गाडी स्पीडब्रेकरवरून काढली. बोटभर अंतर ठेवून अगदी सहज निघाली. त्याचं मोजमाप बरोबरच होतं.

बाबांना घरी सोडून आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. लंबूने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"मिस्त्रीने विचारलं होतं रे. कोण कोण बसतं म्हणून."

माझं पोट तेव्हा तिथेच होतं.

"उद्याच जुन्या स्प्रिंगा बसवतो," तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मनापासून बोलत होता. "आणि तुला शब्द देतो. तुझ्या वेळेला मी सगळ्यांच्या आधी पोचेन."